बर्फाचे रोजचे पत्रक

मृगाचा पाऊस सुरू झाला की आपल्या भागातल्या घराघरांत सकाळच्या वर्तमानपत्रात आधी एक छोटी चौकट शोधली जाते. राकसकोपची पातळी किती फुटांवर आली, कणकुंबीला किती पाऊस पडला, हिडकलमध्ये पाणी किती चढले, हे आकडे पाहिल्याशिवाय चहाची कपबशी खाली ठेवली जात नाही. त्या आकड्यांवर शेतकऱ्याची लावणी अवलंबून असते आणि शहरातल्या माणसाचे उन्हाळ्यातले पाणीही. ती चौकट रुक्ष असते, पण तिच्यातला एखादा आकडा चुकला तर उद्या कुणाचे तरी नुकसान ठरलेले असते.

युरोपातल्या आल्प्स पर्वतात अशीच एक चौकट हिवाळाभर वाचली जाते. तिच्यात पावसाऐवजी बर्फ असतो. काल रात्री किती सेंटिमीटर बर्फ पडला, एकूण थर किती झाला, कोणते उतार घसरण्यासाठी खुले आहेत, कोणते बंद आहेत आणि हिमस्खलनाचा धोका किती, एवढीच माहिती. पर्यटकाच्या दृष्टीने हे सुट्टी सुखाची करणारे पत्रक, तर डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने जगण्यामरण्याचा प्रश्न. बर्फ न पाहिलेल्या आपल्यासारख्यांनाही या पत्रकाचा इतिहास बरेच काही शिकवून जातो, म्हणून हा लेखनप्रपंच.

फलकावर काय असते?

स्की म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ. त्यासाठी आखलेल्या वाटेला तिकडे ‘पिस्त’ म्हणतात. युरोपात पिस्तांची वर्गवारी रंगांनी केलेली असते. निळी वाट सोपी, लाल मध्यम आणि काळी अवघड. अमेरिकेत हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा अशा खुणा असतात. पाळण्याच्या तिकीट-खिडकीपाशी मोठा फलक असतो. त्यावर प्रत्येक वाटेपुढे हिरवा किंवा लाल दिवा, म्हणजे खुली किंवा बंद.

हा दिवा लागण्यापूर्वी बरीच माणसे राबलेली असतात. रात्री साखळीच्या चाकांची अवजड यंत्रे उतारावरून फिरून बर्फ दाबून सारखा करतात. पहाटे पहारेकऱ्यांचे पथक वर जाते. माथ्यावर नव्या बर्फाचे ओझे साचले असेल, तर सुरुंग लावून ते मुद्दाम खाली पाडतात, म्हणजे दिवसा माणसांच्या डोक्यावर पडायला ते शिल्लक राहत नाही. मग दोर, खांब, इशाऱ्याच्या पाट्या तपासून वाट खुली करतात. संध्याकाळी शेवटचा माणूस उतरल्यावर तेच पथक पुन्हा एकदा वाट पालथी घालते आणि कुणी मागे राहिले नाही याची खात्री करून घेते. खुल्या ठेवलेल्या वाटेवरच्या सुरक्षिततेची जबाबदारी चालकांची असते. वाट सोडून रानात घुसणारा मात्र स्वतःच्या जोखमीवर घुसतो.

फलकावर बर्फाची जातही लिहिलेली असते. आपल्याकडे रिमझिम, संततधार, मुसळधार असे पावसाचे भेद आहेत, तसे तिकडे बर्फाचे. नुकताच पडलेला, फुंकर मारली तर उडेल असा भुकटीसारखा बर्फ. वाऱ्याने दाबून कडक केलेला बर्फ. वसंतात दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठणारा दाणेदार ‘फिर्न’. आणि दुपारच्या उन्हात लगदा होणारा ‘सुल्झ’. कोरडा ताजा बर्फ एक घनमीटर घेतला तर तो पन्नास ते शंभर किलो भरतो. तोच दबून जुना झाला की तेवढ्याच जागेत तीनशे-चारशे किलो मावतात. तेव्हा ‘एक मीटर बर्फ’ एवढे सांगून भागत नाही. तो कोणता, हे कळावे लागते.

पत्रकापूर्वीचे शहाणपण

छापील पत्रक नव्हते तेव्हा डोंगरातले लोक काय करीत? ते अनुभवाला कायद्याचे रूप देत. स्वित्झर्लंडमधल्या अँडरमाट या गावाने १३९७ साली आपल्या डोक्यावरच्या उतारावरचे रान तोडण्यास बंदी घातली. ते झाड पडले की बर्फ गावात येणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपल्या देवराईत कोयता चालत नाही. तिथे धाक देवाचा असतो, इथे तो बर्फाचा होता.

दावोसजवळच्या फ्राउएनकिर्श या वस्तीतले चर्च पाहण्यासारखे आहे. १६०२ सालच्या हिमस्खलनाने त्याची नासधूस केल्यावर लोकांनी त्याच्या डोंगराकडच्या बाजूला नावेच्या नाळेसारखी दगडी पाचर बांधून काढली. वरून आलेला बर्फ तिच्यावर आदळून दोहो बाजूंना फुटावा, हा हेतू. ती पाचर आजही तिथे आहे.

एकोणिसाव्या शतकात या अनुभवाला नोंदींची जोड मिळाली. योहान कोआझ हा स्वित्झर्लंडचा पहिला मुख्य वनाधिकारी. १८५० मध्ये पिझ बेर्निना हे शिखर सर करणारा हाच. त्याने आपल्या वनरक्षकांना कामाला लावून कुठे, कधी, किती हिमस्खलने झाली याची माहिती गोळा केली आणि १८८१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. वनरक्षकाच्या वहीतली ती नोंद म्हणजे आजच्या पत्रकाची आजीच म्हणायची.

दावोस: क्षयरोग्यांचे गाव ते बर्फाची प्रयोगशाळा

दावोसचे नाव आता आपल्याला दर जानेवारीत ऐकू येते ते उद्योगपतींच्या आणि मंत्र्यांच्या परिषदेमुळे. पण हे गाव मुळात प्रसिद्धीस आले ते क्षयरोगावरच्या उपचारांमुळे. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे रुग्णालय आपल्या भागात जसे सर्वतोमुखी होते, तसे युरोपात दावोस. सुमारे १५६० मीटर उंची, कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन. टोमास मान या जर्मन कादंबरीकाराने १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द मॅजिक माउंटन’ची पार्श्वभूमी हीच.

रोग्यांच्या मागोमाग खेळाडू आले. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल पत्नीच्या आजारपणामुळे दावोसला राहत होते. त्यांनी १८९४ मध्ये स्की बांधून खिंड ओलांडली आणि अरोसा गाठले. १९३१-३२ मध्ये दावोसहून वाइसफ्लूयोख या माथ्यापर्यंत दोराने ओढली जाणारी रेल्वे झाली. २४ डिसेंबर १९३४ रोजी त्याच गावात अर्न्स्ट कोन्स्टाम या अभियंत्याचा ओढपाळणा सुरू झाला. खेळाडूंना उभ्याउभ्याच वर ओढून नेणारी ही युक्ती. आता चढण्याचे कष्ट उरले नाहीत. पूर्वी दिवसाकाठी एकदा घसरणारा माणूस दहादा घसरू लागला, आणि जिथे पूर्वी कोणी जात नसे अशा उतारांवर माणसांची रीघ लागली. धोक्याची चौकशी आता केवळ गावकऱ्यांपुरती राहिली नाही.

दुसरे कारण युद्धाचे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया आणि इटली यांचे सैन्य आल्प्सच्या माथ्यांवर समोरासमोर ठाकले होते. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलाडा पर्वतावर ऑस्ट्रियन सैनिकांच्या बराकींवर हिमस्खलन कोसळले आणि अडीचशेहून अधिक जवान एका फटक्यात गेले. शत्रूच्या गोळीइतकाच बर्फही मारतो, हा धडा आल्प्समधल्या प्रत्येक सैन्याने त्या युद्धात घेतला.

स्वित्झर्लंडने १९३१ साली बर्फ आणि हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी एक आयोग नेमला. १९३६ मध्ये वाइसफ्लूयोखवर एक साधी झोपडी उभी राहिली. तिच्यात जमलेली मंडळी निरनिराळ्या विद्यांची होती. हेन्री बाडर स्फटिकांचा अभ्यासक, रॉबर्ट हेफेली माती आणि पाया यांचा जाणकार अभियंता, मार्गदर्शक पाउल निग्ली हे खनिजशास्त्रज्ञ. १९३९ साली त्यांनी मिळून प्रसिद्ध केलेला ग्रंथ या शास्त्राचा पाया मानला जातो.

त्यांनी काय शोधले ते थोडक्यात सांगतो. बर्फ पडला की तो तसाच राहतो, हा आपला समज चुकीचा आहे. जमीन तुलनेने उबदार आणि वरची हवा फार थंड असेल, तर थराच्या तळातली वाफ वर सरकते आणि तळाचे कण जाड, सुटे, साखरेसारखे होतात. त्यांच्यात एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद उरत नाही. वर नवा बर्फ साचला की भुसभुशीत रेतीवर फरशी घालावी तशी स्थिती होते. उतार तीस अंशांहून अधिक असेल तर एका माणसाच्या वजनानेही ती फरशी निसटते. म्हणजे धोका डोळ्यांना दिसणाऱ्या वरच्या थरात नसून खाली गाडलेल्या जुन्या थरात असतो. म्हणून निरीक्षक खड्डा खणून बर्फाचे थर वाचतो. नोव्हेंबरात काय घडले होते, हे त्याला फेब्रुवारीतल्या खड्ड्यात दिसते.

त्या माथ्याजवळ २५४० मीटर उंचीवर मोजणीचे एक पटांगण आहे. तिथे १९३६ पासून बर्फाची उंची रोज नोंदली जात आहे. एक पांढरी फळी, एक मोजपट्टी आणि सकाळी ठरल्या वेळी जाणारा एक माणूस. फळीवरचा रात्रीचा बर्फ मोजायचा, फळी झाडून पुन्हा वर ठेवायची, की उद्याची मोजणी तयार. शाळेच्या हजेरीपटाइतकेच हे काम कंटाळवाणे आहे आणि हजेरीपटासारखेच, एक दिवस चुकला की ती जागा कायमची कोरी राहते. हवामान बदलाची चर्चा आज जगभर चालली आहे. तिला आधार आहे तो अशाच न चुकलेल्या सकाळींचा.

पत्रक निघते

दुसऱ्या महायुद्धात स्विस सैन्याने आपली हिमस्खलन-सेवा उभारली. माथ्यावर संशोधनसंस्थेची पक्की इमारत १९४३ मध्ये झाली. युद्ध संपल्यावर ही सेवा संस्थेकडे आली आणि डिसेंबर १९४५ मध्ये सर्वसामान्य जनतेसाठी पहिले पत्रक निघाले. प्रारंभी ते आठवड्यातून एकदा निघे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते रोजचे झाले. आता हिवाळ्यात ते संध्याकाळी पाच वाजता निघते आणि सकाळी आठला पुन्हा सुधारून दिले जाते. त्यामागे सुमारे दोनशे निरीक्षक आणि माथ्यामाथ्यावरची स्वयंचलित यंत्रे असतात.

परीक्षा लवकरच आली. १९५०-५१ च्या हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये ९८ माणसे हिमस्खलनात दगावली. शेजारच्या ऑस्ट्रियात याहून अधिक. तेव्हा कळून चुकले की नुसते पत्रक पुरत नाही. मग उतारांवर पोलादी आणि लाकडी अडसर उभे राहिले, जंगले लावली गेली, गावांचे धोक्यानुसार नकाशे झाले आणि कुठे घर बांधायचे नाही हे ठरले. फेब्रुवारी १९९९ मध्ये तशाच भीषण हिमवर्षावाने स्वित्झर्लंडला गाठले. त्या वेळी बळी १७ होते. प्रत्येक बळी दुःखाचाच, पण ९८ आणि १७ या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे अर्धशतकाच्या शिस्तीचे फळ आहे. त्याच महिन्यात ऑस्ट्रियातल्या गाल्ट्यूर गावात, सुरक्षित समजल्या गेलेल्या भागापर्यंत बर्फ पोहोचला आणि ३१ जण गेले. निसर्ग नकाशा वाचून येत नाही, याचेही स्मरण असू द्यावे.

दरम्यान १९९३ साली युरोपातल्या देशांनी धोक्याची एकच पाच पायऱ्यांची मोजपट्टी मान्य केली. एक म्हणजे अल्प, दोन मध्यम, तीन लक्षणीय, चार मोठा, पाच अतिशय मोठा. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सर्वाधिक अपघात पाचव्या पायरीवर होत नाहीत. त्या दिवशी कोणी बाहेर पडतच नाही. माणसे अधिक मरतात ती तिसऱ्या पायरीवर. आकडा मधला असतो, ऊन पडलेले असते आणि मनुष्य स्वतःची समजूत घालतो की मधले म्हणजे चालण्यासारखे. बर्फाखाली गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले दहांतले नऊ वाचत. पस्तीस मिनिटांनी दहांतले तीनच, असा हिशेब १९९४ साली मांडला गेला होता. अलीकडच्या अभ्यासाने पहिली मुदत आणखी कमी, दहा मिनिटांवर आणली आहे.

आकडा आणि गल्ला

आता या इतिहासातली अवघड गोष्ट. बर्फ मोजणारा आणि तिकीट विकणारा एकच असेल तर काय होते? अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयाच्या झिनमन आणि झिट्झेविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी स्की-केंद्रांनी जाहीर केलेले ताज्या बर्फाचे आकडे सरकारी हवामान-नोंदींशी ताडून पाहिले. शनिवार-रविवारी केंद्रांच्या आकड्यांत बर्फ तेवीस टक्क्यांनी जास्त पडलेला निघाला! सुट्टीच्या दिवशी आकाश अधिक उदार होते असे नव्हे. गिऱ्हाईक अधिक येते. पुढे मोबाइलवर खेळाडूंनाच प्रत्यक्ष उतारावरून बर्फ किती ते कळवता येऊ लागले, तेव्हा ही फुगवट कमी झाली.

दोन-चार इंच वाढवून सांगितल्याने कोणाचा जीव जात नाही, असे कोणी म्हणेल. पण हात एकदा बसला की तो धोक्याच्या आकड्यापर्यंत जातो. दिवसाचा धंदा बुडेल म्हणून रस्ता बंद न करणे, गाव रिकामे न करणे, हा त्याच प्रवृत्तीचा पुढचा अंक. फेब्रुवारी १९९९ मध्ये फ्रान्समधल्या शामोनीजवळ मोंत्रोक वस्तीत बारा जण मृत्युमुखी पडले. वस्ती वेळेवर रिकामी केली नाही म्हणून तिथल्या नगराध्यक्षास न्यायालयाने २००३ मध्ये दोषी ठरवले. स्वित्झर्लंडमध्ये धोक्याचे पत्रक पाळणा चालवणाऱ्यांकडे न देता एका राष्ट्रीय संस्थेकडे सोपवले, यातली दूरदृष्टी अशा वेळी पटते. मोजणाऱ्याचा गल्ल्याशी संबंध नसावा, हे तत्त्व बर्फापुरते नाही.

चार भाषांतला इशारा

सीमाभागातल्या वाचकाला या पत्रकाविषयी आपुलकी वाटावी असे आणखी एक कारण आहे. स्वित्झर्लंड हा अनेक भाषांचा देश. तिथले पत्रक जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि इंग्रजी अशा चार भाषांत एकाच वेळी निघते. पूर्वी भाषांतरकार बसत आणि वेळ जाई. हिमस्खलन भाषांतराची वाट पाहत नाही. म्हणून २०१२ पासून त्यांनी वाक्यांचे साचेच तयार ठेवले. निरीक्षक जर्मनमध्ये साचा निवडतो, त्यातल्या रिकाम्या जागा ठरावीक शब्दांनी भरतो आणि उरलेल्या तीन भाषांतली, आधीच तपासून ठेवलेली वाक्ये त्याच क्षणी तयार होतात. एका भाषेत ‘लक्षणीय’ आणि दुसऱ्या भाषेत ‘किरकोळ’ असा घोटाळा होत नाही.

यापुढचे उदाहरण तर खास आपले वाटावे असे. तिरोल हा प्रांत पहिल्या महायुद्धानंतर दुभंगला. उत्तर भाग ऑस्ट्रियात राहिला, दक्षिण भाग इटलीकडे गेला. दक्षिण तिरोलमध्ये आजही बहुसंख्य लोक जर्मन बोलतात. भाषेचा, शाळांचा, पाट्यांचा तंटा तिथे अनेक वर्षे चालला. पण डोंगराची एक बाजू ऑस्ट्रियाची आणि दुसरी इटलीची असली, तरी बर्फ दोन्हीकडे तोच. सरहद्दीच्या अलीकडे एक आकडा आणि पलीकडे दुसरा, हे खेळाडूला आणि गावकऱ्याला घातक होते. २०१८ च्या हिवाळ्यापासून तिरोल, दक्षिण तिरोल आणि त्रेंतिनो या तीन प्रांतांनी मिळून जर्मन, इटालियन व इंग्रजी भाषांत एकच पत्रक काढायला सुरुवात केली. सीमा पुसली गेली नाही, कोणी आपला दावाही सोडला नाही. फक्त इशारा एक झाला आणि तो प्रत्येकाच्या घरच्या भाषेत गेला.

आपला संबंध

बर्फाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. त्याने बेतदूर हे नाव आठवावे. धारवाड जिल्ह्यातल्या कुंदगोळ तालुक्यातले हे गाव. तिथले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये सुमारे १९६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर आपल्या नऊ साथीदारांसह बर्फाखाली गाडले गेले. पंचवीस फुटांहून खोल बर्फातून सहाव्या दिवशी ते जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीस दिल्लीच्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. त्या दहांमध्ये सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचे सुनील सूर्यवंशी हेही होते. एकाच्या घरी कन्नडमध्ये आक्रोश झाला, दुसऱ्याच्या घरी मराठीत. ज्या बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, तिथल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

आपल्या देशात बर्फाचा अभ्यास मुख्यतः जवानांसाठीच सुरू झाला. संरक्षण संशोधन खात्याने १९६९ मध्ये मनालीला हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन केली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेत मिसळून चंदीगडच्या नव्या संस्थेचा भाग झाली. हिमालयातल्या हिमस्खलनाचे इशारे तिच्याकडून निघतात. गुलमर्गला १९२७ साली स्की क्लब निघाला, पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. आता तिथे देशोदेशीचे हौशी खेळाडू येतात आणि फेब्रुवारी २०२३ व फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे परदेशी खेळाडूंचे बळीही गेले. हिशेब तोच आहे. पाळणा जितका उंच, तितके पत्रक चोख हवे.

आणि बर्फ राहू द्या, पाणी तर आपल्या दारात आहे. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा या नद्या महाराष्ट्रातून कर्नाटकात उतरतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ बुडाले आणि चिकोडी तालुक्यातली नदीकाठची गावेही बुडाली. पाणी सोडण्यावरून दोन राज्यांत काय वाद आहेत, ते जाणकारांनी सोडवावेत. पण कोयनेतून आज किती पाणी सुटले, ते राजापूरच्या बंधाऱ्याशी कधी पोहोचेल, अलमट्टीतून किती जाते आहे, एवढे एकच पत्रक दोन्ही राज्यांच्या सहीने, मराठीत आणि कन्नडमध्ये, एकाच वेळी, दोन्ही काठांच्या चावड्यांवर लागावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्यासाठी वाक्यांचे साचे आज तयार करून ठेवता येतील. तिरोलच्या लोकांनी शंभर वर्षांचे भांडण बाजूला ठेवून बर्फासाठी हे केले आहे.

तोवर निदान एक काम आपल्या हाती आहे. खानापूर-जांबोटी-चंदगडच्या पट्ट्यात पावसाला तोटा नाही आणि शाळांनाही. एक पर्जन्यमापक, एक वही आणि सकाळी साडेआठला न चुकता जाणारा एक विद्यार्थी, एवढे प्रत्येक शाळेला परवडते. वहीत पहिल्या वर्षी काही विशेष दिसणार नाही. पन्नासाव्या वर्षी ती वही गावाच्या उपयोगी पडेल.